पास्ता आणि वळवट : आकार ओळखून वापर

भिलाई - सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील माणसे या शहरात स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. मुलांच्या डब्यात शेवयांच्या उपम्याच्या जोडीला आता पास्ताही आला आहे. तो बिघडला की दोष रांधणाऱ्याला दिला जातो. पण कारण पुष्कळदा पिठात किंवा आकारात असते.

उत्तम सुका पास्ता ड्युरम या कठीण गव्हाच्या रव्याचा असतो. महाराष्ट्रातील बन्सी गहूही ड्युरमच. शेवयांसाठी त्याला मान होता, तो उगीच नव्हे! या गव्हाचा पदार्थ शिजल्यावर आकार धरून राहतो. मैद्याचा पास्ता लवकर मऊ पडून चिकटतो. म्हणून पाकिटावरील घटक आधी वाचावेत.

लांब, बारीक स्पॅगेटीला तेल-लसणाचा किंवा टोमॅटोचा पातळ रस्सा मानवतो. नळीसारखी पेने आणि पिळाची फुसिली दाट रस्सा व भाज्यांचे तुकडे धरून ठेवतात. लझान्याच्या पट्ट्या थर देऊन भाजण्यासाठी. तांदळाएवढा ओर्झो सूपमध्ये घालतात. या इटालियन शब्दाचा अर्थ मात्र जव.

आकारांची ही दृष्टी मराठी घरांना नवी नाही. लग्नाच्या रुखवतात मांडल्या जाणाऱ्या वळवटात गव्हाच्या दाण्यासारखे गव्हले असतात, नखाने दाबलेले नखुले असतात आणि फणीवर वळलेले, रेघांचे फणुलेही. इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतात गार्गानेल्ली हा पास्ताही फणीसारख्या दातेरी साधनावरच वळतात. रेघांमध्ये रस्सा धरला जातो.

शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि सुमारे दहा ग्रॅम मीठ घ्यावे. पाणी खळखळ उकळल्यावरच पास्ता सोडावा व तो दाताखाली किंचित कणखर लागताच निथळावा. वाटीभर पाणी राखून ठेवावे. त्यातील पिठूळपणामुळे रस्सा मिळून येतो. निथळलेला पास्ता गार पाण्याने धुण्याची सवय मात्र सोडावी.

वळवट करणारे हात घरात नसतील, तर ओर्झो तुपावर परतून दुधात शिजवावा. गव्हल्यांच्या खिरीच्या जवळ जाणारी खीर होते. साखर दाणे शिजल्यावरच घालावी, एरवी ते कडक राहतात.