संगणकीय कार्यवाटप व डीमनांचे नियंत्रण

संगणकीय कार्यवाटप : स्थानिक जालाने परस्परांस जोडलेल्या अनेक संगणकांमध्ये एखादे मोठे काम विभागून देण्याच्या पद्धतीस संगणकीय कार्यवाटप म्हणतात. विद्यापीठे, संशोधनसंस्था, कारखाने इ. ठिकाणचे संगणक दिवसाचा बराच काळ, विशेषतः रात्री, रिकामे असतात. त्यांची वाया जाणारी शक्ती उपयोगात आणणे, हा या पद्धतीचा मूळ हेतू होय. यासाठी प्रत्येक संगणकावर एक किंवा अधिक आज्ञावली पार्श्वभूमीवर सतत चालू ठेवतात. अशा आज्ञावलीस ‘डीमन’ म्हणतात. काम स्वीकारणे, त्यावर देखरेख ठेवणे, फलित परत पाठविणे इ. गोष्टी डीमन कोणाच्याही प्रत्यक्ष आज्ञेची वाट न पाहता करतो. याच गुणामुळे त्याचे नियंत्रण हा महत्त्वाचा प्रश्न ठरतो. काम वाटून देणे तुलनेने सोपे असते. वाटलेले काम हवे तेव्हा थांबविणे, परत घेणे आणि संगणक त्याच्या मूळ वापरकर्त्याच्या स्वाधीन करणे अवघड असते.

संज्ञा : जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये, वायूच्या रेणूंची एकेक करून निवड करणाऱ्या एका काल्पनिक जीवाची कल्पना मांडली. लॉर्ड केल्व्हिन यांनी त्यास १८७४ मध्ये ‘डीमन’ हे नाव दिले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ‘प्रोजेक्ट मॅक’ या प्रकल्पात १९६३ च्या सुमारास पार्श्वभूमीवर अखंड राबणाऱ्या आज्ञावलींस हेच नाव पडले. त्यामागे मॅक्सवेल यांचीच कल्पना होती, असे या प्रकल्पातील फर्नांडो कॉर्बाटो यांनी नमूद केले आहे. त्यामुळे ‘डीमन’ या शब्दाचा येथील अर्थ दुष्ट भूत असा नसून अदृश्य सेवक असा आहे.

प्रारंभीचे प्रयोग : अमेरिकेतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात ईथरनेट या स्थानिक जालावर शंभराहून अधिक ‘आल्टो’ संगणक जोडलेले होते. तेथे जॉन शॉक व जॉन हप यांनी ‘वर्म’ म्हणजे ‘कृमी’ या नावाच्या आज्ञावली तयार केल्या. कृमीचा प्रत्येक खंड एकेका रिकाम्या संगणकावर चाले. एखादा संगणक बंद पडल्यास उरलेले खंड दुसरा रिकामा संगणक शोधून तेथे नवा खंड सुरू करीत. त्या संगणकांच्या तबकड्यांवर काहीही लिहावयाचे नाही, असे बंधन संशोधकांनी स्वतःवर घालून घेतले होते.

एका रात्री एक लहान कृमी चालू ठेवण्यात आला. सकाळी इमारतीतील अनेक संगणक बंद पडलेले आढळले. पुन्हा सुरू केलेला संगणक कृमीच्या ताब्यात जाई आणि लगेच बंद पडे. काही संगणक कुलूपबंद खोल्यांत असल्याने तेथे जाऊन ते थांबविणेही शक्य नव्हते. सुदैवाने, विशिष्ट संदेश जालावर पाठविताच सर्व कृमी थांबतील, अशी सोय आधीच करून ठेवलेली होती. ती वापरल्यावर प्रसार थांबला. परंतु सुमारे शंभर संगणक बंद पडलेले राहिले. एका संगणकावरून दुसऱ्याकडे जाताना आज्ञावलीची प्रत बिघडली असावी, असा निष्कर्ष निघाला. हा वृत्तांत १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक खंड स्वतः निर्णय घेत असेल, तर सर्व खंडांना लागू होणारी थांबण्याची आज्ञा प्रथमपासूनच योजावी लागते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

कॉन्डॉर : विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील संगणकशास्त्र विभागात मायरन लिव्हनी व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेली ‘कॉन्डॉर’ ही प्रणाली १९८८ मध्ये जाहीर झाली. २०१२ पासून ती ‘एचटीकॉन्डॉर’ या नावाने ओळखली जाते. तीत नियंत्रणाची कामे वेगवेगळ्या डीमनांकडे सोपविलेली आहेत. एक डीमन आपल्या संगणकाची स्थिती व काम स्वीकारण्याच्या अटी ठराविक काळाने मध्यवर्ती संगणकास कळवितो. दुसरा कामांची रांग सांभाळतो. मध्यवर्ती संगणकावरील डीमन कामाच्या गरजा आणि संगणकांच्या अटी जुळवून पाहतात. याशिवाय प्रत्येक संगणकावर एक प्रमुख डीमन असतो. तो इतर डीमनांस सुरू करतो व त्यांतील एखादा बंद पडल्यास पुन्हा चालवितो. तो वारंवार बंद पडत असल्यास पुढील प्रयत्नांतील अंतर वाढवीत नेतो. त्यामुळे सदोष डीमन पुनःपुन्हा सुरू होऊन संगणकावर भार पडत नाही.

या प्रणालीत संगणकाच्या मालकाचा हक्क प्रथम मानला जातो. कळफलक काही काळ, उदा., पंधरा मिनिटे, स्तब्ध असेल, तरच बाहेरचे काम घ्यावयाचे, अशी अट मालक घालू शकतो. तो परत कामास बसताच पाहुणे काम थोपविले किंवा हलविले जाते. केलेले श्रम वाया जाऊ नयेत, म्हणून कामाच्या स्थितीची मधूनमधून नोंद ठेवता येते व त्या नोंदीपासून काम दुसरीकडे पुढे चालविता येते. डीमन थांबविण्याच्या आज्ञाही निरनिराळ्या आहेत : चालू काम पूर्ण होऊ देऊन थांबणे, कामास आवराआवर करण्यास अवधी देऊन थांबणे आणि तत्काळ थांबणे. अशा आज्ञा कोणत्या संगणकावरून व कोणी द्याव्यात, हेही ठरवून द्यावे लागते.

संपर्क तुटल्यास निराळीच अडचण उद्‌भवते. उत्तर न देणारा संगणक बंद पडला आहे की केवळ जाल तुटले आहे, हे दुरून ओळखता येत नाही. म्हणून काम ठराविक मुदतीच्या कराराने देतात. मुदतीत संपर्क झाला नाही, तर काम करणारा डीमन ते सोडून देतो. थांबण्याचा संदेश पोहोचला नाही, तरी काम अनिर्बंध चालू राहत नाही.

धोके : नियंत्रणातील ढिलाई किती महाग पडते, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसून आले. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली कृमी आज्ञावली टपाल व वापरकर्त्यांची माहिती हाताळणाऱ्या डीमनांतील दोषांचा फायदा घेऊन इंटरनेटवर पसरली. आपली प्रत आधीच तेथे असल्यास थांबावे, असा नियम तीत होता. परंतु सातांपैकी एका वेळी तो बाजूस ठेवला जाई. परिणामी एकाच संगणकावर अनेक प्रती साचून हजारो संगणक मंदावले. अशी घटना हेतुपुरस्सर प्रसार न करताही घडू शकते. आज्ञावलींचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याचे काम वाटणाऱ्या ‘डिस्टसीसी’ (२००२) या साधनाचा डीमन प्रवेशाची बंधने न घालता चालविल्यास, जालावरील कोणीही त्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शके. म्हणून काम देण्याची परवानगी असलेल्या संगणकांची यादी निश्चित करणे, डीमनास मर्यादित अधिकार देणे व प्रत्येक कामाची नोंद ठेवणे आवश्यक असते.

उपयोग : या तंत्राने चित्रपटांतील संगणकीय दृश्ये तयार करणे, आज्ञावलींची चाचणी, भौतिकीतील गणिते इ. कामे केली जातात. गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणाऱ्या लायगो प्रकल्पातील निरीक्षणांच्या विश्लेषणासाठी एचटीकॉन्डॉरचा मोठा उपयोग झाला असून, पुणे येथील ‘आयुका’ या संस्थेचा ‘सारथी’ हा संगणकसमूह या विश्लेषणात सहभागी झाला आहे. अशा समूहातील संगणक मुळातच वाटून घेण्यासाठी उभारलेले असल्याने तेथे मालकाच्या हक्काऐवजी निरनिराळ्या संशोधकांना न्याय्य वाटा मिळण्याचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. काम थांबविण्याची व परत घेण्याची सोय मात्र तेथेही तितकीच आवश्यक असते.