दोन लिप्यांचे एक पान

आपल्या शाळेत भित्तिपत्रक लावतात. संगणकावर दिसणारे असेच पान म्हणजे वेबपान. अशी पाने एकमेकांना जोडली की संकेतस्थळ तयार होते.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडली. ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र शिकत असतानाच त्यांनी जुन्या टीव्ही संचापासून संगणक बनवला होता. वेब १९९३ साली सर्वांसाठी मोफत खुली झाली. म्हणूनच नागपूरच्या प्रताप नगरातील विद्यार्थीही आज स्वतःचे पान तयार करू शकतो.

त्यासाठी तीन साधने शिकावी लागतात. एचटीएमएलने मथळा, परिच्छेद व चित्र यांची मांडणी होते. सीएसएसने रंग आणि अक्षरांचा आकार ठरतो. जावास्क्रिप्टमुळे बटण दाबताच पान उत्तर देते.

तुम्ही विचाराल, "आम्हांला इंग्रजी कमी येते, मग कसे?" यांतील सूचनांसाठी थोडे इंग्रजी शब्द लागतात. ते सरावाने पाठ होतात. मजकूर मात्र आपल्या भाषेत लिहिता येतो. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक असतो. त्यामुळे उर्दू आणि मराठी एकाच पानावर शेजारी शेजारी येतात. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, तर मराठी डावीकडून उजवीकडे. ही दिशा एका छोट्या सूचनेने ठरवता येते.

पहिला उपक्रम म्हणून शाळेच्या वाचनालयातील पुस्तकांची यादी दोन्ही भाषांत करा. संगणक रोज मिळत नसेल, तर आधी वहीत पान आखा. ज्याला दोन भाषा येतात, त्याचे पान दोन्ही भाषांच्या घरांत वाचले जाते.