पाण्यावरचा कॅमेरा (भाग ६) : आधी होडी थांबवा

गेल्या आठवड्यात आपण वाऱ्याची दिशा आणि शिडाचे कोन समजून घेतले. आता त्याच होडीत कॅमेरा घेऊन बसायचं आहे. त्यासाठी मी समुद्र सोडून नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नर्मदेच्या बॅकवॉटरवर येतो आहे. नर्मदा १३१२ किलोमीटर वाहते, त्यातली महाराष्ट्राच्या वाट्याला येते ५४ किलोमीटर, आणि तीही एका काठापुरती. अलीकडे अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतले पाडे, समोर मध्य प्रदेश, पश्चिमेला गुजरात. हे बॅकवॉटर सरदार सरोवर धरणाचं, त्याची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. २०१९च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा त्या पातळीला भरलं आणि सातपुड्याच्या घळीघळींत पाणी शिरून राहिलं. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, भूषण या गावांकडे जायला अनेकदा बोट हाच रस्ता असतो. या भागासाठी आरोग्य खात्याला तरंगता दवाखाना चालवावा लागला, यावरून काय ते कळावं.

तिथे चालतात त्या डिझेल इंजिनाच्या बोटी आणि वल्ह्याच्या होड्या. शिडाच्या खेळाचा क्लब नाही, होडी भाड्याने देणारं दुकान नाही. तरी मी हीच जागा निवडली, कारण लहान होडी आणि कॅमेरा यांचं भांडण नेमकं कशावरून होतं, ते या दरीत लख्ख दिसतं.

आधी उजेड पाहू. दरी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि महाराष्ट्राचा काठ दक्षिणेला. म्हणजे आपल्या बाजूचे डोंगरउतार उत्तरेकडे तोंड करून उभे आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत समोरचा मध्य प्रदेशचा काठ उन्हात न्हाऊन निघतो आणि आपला काठ बराच वेळ सावलीत राहतो. हवा स्वच्छ, पाणी शांत, म्हणून लोक हिवाळ्यात कॅमेरा घेऊन येतात आणि काळपट डोंगर घेऊन परततात. याच काठावर ऊन हवं असेल तर एप्रिल-मे गाठावा. तेव्हा सूर्य ईशान्येच्या अंगाने उगवतो, वायव्येच्या अंगाने मावळतो आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन या उतारांवर पोहोचतं. जूनमध्ये तर इथे भरदुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो. पण उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं. गाळाचे पट्टे आणि बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे वर आलेले असतात. फोटोसाठी ते दृश्य अस्सल आहे, होडीच्या तळासाठी धोक्याचं.

आता वारा. उन्हाळ्यात दुपारनंतर दरीतून वर चढतो तो बहुतेक पश्चिमेचा वारा. मावळतीकडे जायचं तर वाऱ्याच्या तोंडावर, नागमोडी जावं लागतं. होडी कललेली, पाण्याचे तुषार अंगावर, आणि कॅमेऱ्यासमोर थेट सूर्य. परतताना सूर्य पाठीशी, समोरचे पाडे सोनेरी उजेडात, शीड पूर्ण उघडलेलं, होडी अगदी स्थिर वाटते. हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. आणि नेमकी हीच सगळ्यात फसवी घडी असते. वारा मागून असताना तो जरा बाजू बदलला किंवा सुकाणू जरा हललं की शिडाच्या तळाची आडवी काठी, म्हणजे बूम, होडीच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर झपकन फिरते. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेल्या माणसाला ती दिसत नाही. डोक्याला लागते किंवा होडी उलटते. सातपुड्याच्या घळींच्या तोंडाशी वारा असा बाजू बदलतोच. एका सोंडेआड तो पडतो, पुढच्या नाल्याच्या मुखाशी एकदम झोत येतो.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात पक्का नियम : वारा पाठीशी असताना कॅमेरा हातात घ्यायचा नाही. फोटो घ्यायचा असेल तर होडी थांबवायची.

होडीला ब्रेक नसतो, पण थांबवता येते. सुकाणूने होडी हळूहळू वाऱ्याकडे वळवा. वारा बाजूने आणि किंचित पुढून येऊ लागला की शिडाची दोरी पूर्ण सैल सोडा. शीड फडफडायला लागतं, जोर जातो, होडी स्वतःच्या लांबीच्या दोन-तीन पट पुढे सरकून मंदावते आणि मग वाऱ्यासोबत आडवी, अगदी सावकाश वाहत राहते. बूम तेव्हा वाऱ्याच्या खालच्या अंगाला बाहेर असते, तुम्ही वरच्या अंगाला बसलेले. एवढ्यात दोन-चार मिनिटं मिळतात. त्यात घाई न करता फ्रेम लावा, फोटो घ्या, कॅमेरा पिशवीत घाला, मगच दोरी ओढा. वाहत कुठे जातोय यावर सोबत्याने नजर ठेवायची. एकट्याने हे सगळं करू नये. लेझर ही ४.२३ मीटरची होडी जगभर लोकप्रिय आहे, पण ती एकट्याची, आणि तिच्यात एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात दोरी. तिसरा हात आणायचा कुठून? या छंदासाठी दोघांची, रुंद बुडाची होडी हवी.

हातांची ही अडचण जुनी आहे. इंग्लंडच्या काउज बंदरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शर्यतीच्या होड्यांचे फोटो काढणाऱ्या फ्रँक बीकन यांनी स्वतःसाठी एक लाकडी कॅमेरा बनवून घेतला होता. तो दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि शटर उडवायचं ते दातांत धरलेला रबरी फुगा चावून. तेही स्वतः शीड सांभाळत नसत, छोट्या बोटीतून दुसऱ्यांच्या होड्या टिपत. हा धडा नर्मदेवरही लागू आहे : शिडाच्या होडीचा सर्वात चांगला फोटो बहुधा शेजारच्या होडीतून निघतो.

थांबलेल्या होडीतही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा. कोपर काठावर टेकवू नका, होडीचा प्रत्येक हिसका थेट लेन्समध्ये जातो. मांडी घालून बसा आणि अंग सैल ठेवा. डिझेल बोटीतून व्हिडिओ घेत असाल तर हे दुप्पट खरं. इंजिनाच्या बारीक थरथरीने चित्र जेलीसारखं लिबलिबतं, आणि ते नंतर संगणकावर धड सुधारत नाही. शिडाची होडी इथेच जिंकते : थरथर नाही, आवाज नाही.

फोटो सरळ आहे की तिरका, हेही दरीत कळत नाही. समुद्रासारखी क्षितिजरेषा इथे नसते. काठाची रेषा दूर जाते तशी तिरपी दिसते, तिच्यावर विसंबून कॅमेरा धरला तर झाडं कललेली येतात. त्याऐवजी पाण्यातलं प्रतिबिंब पाहा. एखाद्या झाडाचा शेंडा आणि त्याचं प्रतिबिंब नेहमी एकाच उभ्या रेषेत असतात. ती रेषा फ्रेमच्या कडेला समांतर आली की फोटो सरळ.

पोलरायझर फिल्टर जवळ ठेवाच. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं की तो चकाकी सर्वात जास्त कापतो आणि पाण्याखालचा खोडाचा बुंधा दिसू लागतो. सुकाणूवर बसलेल्याने पोलराइज्ड चष्मा घालावा, त्याचं कारण तेच. मात्र फिल्टर एक-दोन स्टॉप उजेड खातो, हे संध्याकाळी विसरू नका.

ड्रोन उडवणाऱ्यांसाठी एकच, पण महत्त्वाचं. सिग्नल तुटला की ड्रोन उड्डाण केलेल्या जागी परत येतो. तुम्ही होडीतून उडवला असेल तर तोवर होडी तिथून निघून गेलेली असते आणि ड्रोन मुकाट्याने पाण्यावर उतरतो. काठावरून उडवा, काठावरच उतरवा. आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा निषिद्ध क्षेत्रात नाही ना, ते तपासा.

लाइफजॅकेट सर्वांच्या अंगावर, कॅमेऱ्याचा पट्टा कधीही गळ्यात नाही. होडी उलटली तर गळ्यातला पट्टा दोरीत अडकतो. आणि चांगलं दृश्य दिसलं म्हणून सगळ्यांनी एका अंगाला झुकायचं नाही. १५ जानेवारी २०१९ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भूषणजवळ माणसांनी भरलेली बोट नर्मदेत उलटली आणि जीव गेले. त्या पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावं.

आणखी एक गोष्ट मला तंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. २०२० साली टाळेबंदीच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे होडी वल्हवत आलीगट आणि दादर या पाड्यांवरच्या बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोषण आहार पोहोचवत होत्या. त्यांचे वल्हं मारतानाचे फोटो देशभर छापून आले. त्या फोटोंना वजन आलं ते त्यांच्या कामामुळे. आपण छंद म्हणून ज्या पाण्यावर उतरतो, ते तिथल्या लोकांचा रोजचा रस्ता आहे, आणि अनेकांच्या बुडालेल्या घरा-शेताच्या वरचं पाणी आहे. पाणी चढण्याआधीची आणि चढतानाची दरी पाहायची असेल तर आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा १९९५चा ‘अ नर्मदा डायरी’ हा माहितीपट निघण्यापूर्वी पाहा. मग लांब लेन्सने काठावर अंघोळ करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या माणसांना टिपावंसं वाटणार नाही. होडी काठाला लावा, उतरा, राम राम करा, विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा बंद.

शीड हाताळायला अजून शिकला नसाल तर नर्मदेवर थेट येऊ नका. गोव्यात केंद्र सरकारची जलक्रीडा संस्था आहे, मुंबईत जुने सेलिंग क्लब आहेत, तिथे पाया घाला. सराव झाला की बॅकवॉटरवर तिथल्याच एखाद्या बोटवाल्याला रोजावर सोबत घ्या. बुडालेली झाडं कुठे आहेत हे नकाशात नसतं, त्याला पाठ असतं. प्रशासनाला आणि पोलिसांना कळवूनच पाण्यात उतरा.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओतल्या आवाजाविषयी : वाऱ्याची घरघर, शिडाची फडफड आणि मायक्रोफोन. तोवर एवढा गृहपाठ करा. कॅमेरा घरी ठेवा, सोबती घ्या आणि होडी ठरवलेल्या जागी थांबवण्याचा सराव करा. ते जमल्याशिवाय पुढचा भाग उपयोगाचा नाही.