आधी पाणी तपासा, मग मासा

घरात नवा फिशटँक येतो तो बहुधा मुलाच्या वाढदिवसाला. दुकानदार काचेची पेटी, रंगीत खडे, फिल्टर आणि सात-आठ गोल्डफिश एकाच दिवशी हाती देतो. तीन-चार दिवस सगळे छान चालते. मग एक मासा वर येऊन तोंडाने हवा गिळू लागतो, दुसरा तळाशी पर मिटून बसतो आणि एक दिवस सकाळी कुणीतरी उलटा तरंगताना दिसतो. दुकानात विचारले की निळ्या किंवा पिवळ्या औषधाची बाटली मिळते. ‘रोज पाच थेंब टाका.’ रोग कोणता, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

वस्तुतः अशा वेळी मासा आजारी नसतो, पाणी आजारी असते. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच मलमूत्रही टाकतो. आपल्या शरीरात तयार होणाऱ्या अमोनियाचे यकृत युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. मासा मात्र अमोनिया बहुतांशी थेट कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. नदीत तो वाहून जातो. चाळीस लिटरच्या पेटीतून कुठे जाणार? तिथे मदतीला येतात फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढणारे जिवाणू. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमधले मासे मरतात ते याच काळात. जुन्या टँकचा स्पंज नळाखाली खसखसून धुतला तरी तेच होते, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन या जिवाणूंना मारते.

नायट्राइटची गोष्ट डॉक्टरांच्या विशेष परिचयाची. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिन करते आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. माशाचे लालबुंद कल्ले तपकिरी दिसू लागतात. एअरपंप चालू असूनही मासा गुदमरतो. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट फार झाले तर त्या पाण्यात कालवलेले दूध पिणारी तान्ही बाळे निळी पडतात, ती याच कारणाने. बाळाला अशा वेळी शिरेतून मिथिलीन ब्लू देतात. फिशटँकच्या दुकानातली निळी बाटली पुष्कळदा याच औषधाची असते. पण ते मुख्य टँकमध्ये ओतले तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरू शकतात आणि अमोनिया पुन्हा चढतो. ते द्यायचेच तर वेगळ्या भांड्यात.

म्हणून पहिली खरेदी औषधाची नव्हे, पाणी तपासण्याच्या किटची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर खाणे एकदम कमी करायचे आणि रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचे. सगळे एकदम नाही, कारण तापमान आणि आम्लता अचानक बदलली तर तो दुसरा आघात ठरतो. नवे पाणी क्लोरीनमुक्त हवे. दुकानात मिळणारे ‘अँटीक्लोरीन’ म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटोग्राफरांचा ‘हायपो’.

पाणी ठीक आहे आणि तरी मासा आजारी आहे, तर मग माशाकडे पाहायचे. अंगावर रव्याचे कण शिंपडल्यासारखे ठिपके आणि खड्यांवर अंग घासणे, ही लक्षणे ‘इक’ची. इक्थिओफ्थिरियस या एकपेशीय परजीवीमुळे होणारा हा रोग थंडीत रात्री पाणी गार पडले की हटकून दिसतो. तो समजून घेतला तर निम्मे उपचार झालेच. ठिपक्यातला परजीवी माशाच्या त्वचेखाली असतो, तिथे औषध पोहोचत नाही. वाढ झाली की तो गळून तळाशी बसतो, फुटून शेकडो पिल्ले सोडतो आणि ती पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असे समजून औषध थांबवणारा आठवड्याभरात पुन्हा दुकानात येतो. क्षयाच्या गोळ्या दोन महिन्यांत सोडणाऱ्या रुग्णासारखेच हे. पाण्याचे तापमान हळूहळू अठ्ठावीस-तीस अंशांवर नेले की परजीवीचे चक्र भरभर फिरते आणि उपचाराचा काळ कमी होतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा हवेचे बुडबुडे वाढवावेत. लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास मीठ दिवसभरात विभागून घातले तरी अनेकदा भागते. पाणवनस्पती आणि कॅटफिश असतील तर जपून. दोन आठवडे चिकाटी हवी.

पोट फुगून खवले पिंजारलेले दिसले तर ते जलोदराचे लक्षण. तो स्वतंत्र रोग नव्हे. बहुधा मूत्रपिंडे निकामी होत असतात आणि तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. अशा वेळी घरातल्या टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकणारे लोक आहेत. मात्रा ठाऊक नाही, जिवाणू कोणता ते ठाऊक नाही, आणि ते पाणी शेवटी गटारात जाते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू तयार करायची याहून सोपी कृती शोधून सापडणार नाही.

आणखी एका आजाराबद्दल मात्र माशाइतकीच मालकाचीही काळजी घ्यावी लागते. मासा खातो तरी खंगत जातो, पाठीचा कणा वाकतो, अंगावर न भरणाऱ्या जखमा होतात. यामागे मायकोबॅक्टेरियम मरिनम असू शकतो, क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. जोसेफ अ‍ॅरन्सन यांनी १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांमध्ये तो ओळखला. तो पाण्यातून हातावरच्या बारीकशा खरचटीत शिरतो. दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी गाठ येते, फुटते, आणि हाताच्या वर ओळीने आणखी गाठी उमटतात. या जंतूला तीस-बत्तीस अंशांचे तापमान मानवते, म्हणून तो सहसा हाताच्या गार त्वचेतच राहतो. टँक धुताना रबरी हातमोजे घालावेत, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्यावे.

आपल्याकडे अशा गाठीचा तुकडा तपासला की अहवालात ग्रॅन्युलोमा येतो आणि क्षयाचे नेहमीचे औषध सुरू होते. त्यातले पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही, आयसोनियाझिडचाही फारसा भरवसा नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल, रिफॅम्पिसिन यांपैकी दोन औषधे काही महिने घ्यावी लागतात. निदान हुकण्याचे कारण साधे असते. प्रयोगशाळा नमुना सदतीस अंशांवर वाढवते आणि जंतू उगवत नाही. घरी फिशटँक आहे, हे रुग्णाने डॉक्टरांना सांगितले आणि डॉक्टरांनी ते तपासणीच्या फॉर्मवर लिहिले, तर नमुना तीस अंशांवरही ठेवला जातो.