अव्यक्ताचे गणित आणि रोजचा व्यवहार

बीजगणित म्हणजे शाळेच्या फळ्यावरील व परीक्षेपुरता विषय, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः जी राशी ठाऊक नाही तिला तात्पुरते नाव द्यावयाचे, ज्ञात राशींशी तिचा संबंध मांडावयाचा आणि त्यातून तिचे मूल्य काढावयाचे, एवढेच बीजगणिताचे कार्य आहे. खताची किती पोती आणावीत, कोणते कर्ज स्वस्त पडेल, हे घरोघरचे प्रश्न याच स्वरूपाचे असतात.

जुना वारसा

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणत व ‘या’ या अक्षराने ती दर्शवीत. अज्ञात राशी अनेक असल्यास कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. ‘लीलावती’मध्ये व्याज आणि मुद्दल यांच्या हिशेबालाही स्थान आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेल्या मठाची साक्ष देतो.

खताची मात्रा

एखाद्या पिकास हेक्टरी १२० किलो नत्र व ६० किलो स्फुरद द्यावे, अशी शिफारस आहे असे समजा. डीएपी खतात १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असते. युरियात ४६ टक्के नत्र असते. डीएपी ‘क्ष’ किलो व युरिया ‘य’ किलो मानल्यास दोन समीकरणे मिळतात :

०.४६ क्ष = ६०
०.१८ क्ष + ०.४६ य = १२०

पहिल्यावरून क्ष सुमारे १३० किलो येतो. एवढ्या डीएपीतून सुमारे २३.५ किलो नत्र पिकास आपोआप मिळते. उरलेल्या ९६.५ किलो नत्रासाठी सुमारे २१० किलो युरिया पुरेसा होतो.

डीएपीतील नत्र हिशेबात न धरता १२० किलो नत्र केवळ युरियातून दिले, तर सुमारे २६१ किलो युरिया लागेल. म्हणजे हेक्टरी ५१ किलो, ४५ किलोच्या एका पोत्याहूनही अधिक युरिया अकारण खर्ची पडतो. नुकसान केवळ पैशाचे नाही. नत्र अधिक झाल्यास पीक माजते, लोळते, आणि न वापरलेले नत्र पाण्याबरोबर झिरपून विहिरीपर्यंत पोहोचू शकते.

कर्जाचे व्याज

६०,००० रुपयांचे कर्ज दरसाल १२ टक्के व्याजाने घेतले व मुद्दल १२ समान मासिक हप्त्यांत फेडले, असे धरू. व्याज संपूर्ण मुदतीत मूळ मुद्दलावरच आकारले, तर ते ७,२०० रुपये होते. तेच घटत्या शिलकेवर आकारले, तर ३,९०० रुपये होते. दर एकच, पण व्याजात ३,३०० रुपयांचे अंतर !

मुद्दल ‘म’, दर रुपयास मासिक व्याज ‘द’ व हप्त्यांची संख्या ‘न’ मानल्यास या फरकाचे कारण उघड होते :

मूळ मुद्दलावरील व्याज = म × द × न
घटत्या शिलकेवरील व्याज = म × द × (न + १) ÷ २

दुसरी राशी पहिलीच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते. म्हणूनच या उदाहरणात मूळ मुद्दलावरील १२ टक्के हे घटत्या शिलकेवरील २१ ते २२ टक्क्यांच्या घरात जातात. फेडून टाकलेल्या रकमेवरही ऋणको व्याज देत राहतो, हे केवळ दर ऐकून लक्षात येत नाही. राशी मांडली की लगेच दिसते.

मांडणीचे महत्त्व

समीकरणाचे उत्तर त्यात घातलेल्या आकड्यांइतकेच खरे असते. यास्तव माती परीक्षणाचा अहवाल, पोत्यावर छापलेली अन्नद्रव्यांची टक्केवारी आणि व्याज आकारण्याची पद्धत या तीन गोष्टी आधी माहीत करून घेणे अगत्याचे आहे. त्यानंतरचे गणित आठवी-नववीच्या विद्यार्थ्यास सहज करता येते. घरातील शाळकरी मुलामुलींना अशा हिशेबास बसविले, तर कुटुंबाचा पैसा वाचेल आणि पाठ्यपुस्तकातील ‘क्ष’ कशासाठी आहे, हेही त्यांना उमगेल.