कॉब्लर ढवळायचा का नसतो? डबाबंद फळांच्या सोप्या अमेरिकन गोडामागचं गणित

रीलमध्ये सगळं अर्ध्या मिनिटात होतं. भांड्यात वितळलेलं बटर, त्यावर पातळ पीठ, त्यावर डब्यातले पीच. भांडं ओव्हनमध्ये जातं आणि पुढच्याच शॉटमध्ये सोनेरी, फुगलेला, कडेला खमंग झालेला पदार्थ बाहेर येतो. मध्ये फक्त एक सूचना येते, ढवळू नका!

नेमकी हीच सूचना आपल्याकडे पाळली जात नाही. शिऱ्यापासून बासुंदीपर्यंत 'हात थांबवू नकोस, तळाला लागेल' हे ऐकत मोठं झालेला माणूस बटरवर तरंगणारं पीठ बघून चमचा घालतोच. मग पाऊण तासाने वर केकसारखा थर आणि मधोमध चिकट लापशी. डबाबंद पीच काही स्वस्त येत नाहीत, त्यात १०० ग्रॅम बटरही गेलेलं असतं. त्यामुळे ही एक ओळ का महत्त्वाची आहे, ते आधी समजून घेतलेलं बरं.

कॉब्लर म्हणजे नक्की काय?

भांड्यात फळं, त्यावर पिठाचं काहीतरी आच्छादन आणि मग भाजणं, एवढीच याची व्याख्या. पायसारखी खाली पारी लाटायची नाही, कडा मुडपायच्या नाहीत. अमेरिकेत काही घरांत वर मऊ बिस्किटांचे गोळे ठेवतात (चहात बुडवायचं बिस्कीट नव्हे, तिकडचं बिस्कीट म्हणजे पावासारखा मऊ, खुसखुशीत प्रकार). काही ठिकाणी पायची पारी घालतात. दक्षिणेकडच्या राज्यांत बटर आणि पातळ पिठाचा प्रकार फार चालतो. रीलमध्ये दिसतो तो हाच, आणि सर्वात सोपाही हाच.

पदार्थ जुना आहे. १८३९ साली छापलेल्या लेटिस ब्रायन यांच्या 'द केंटकी हाउसवाइफ' या पाककृतींच्या पुस्तकात पीचच्या पॉट-पायला कॉब्लर म्हणतात असा उल्लेख येतो. पाहुण्यांसमोर मिरवण्याचा हा पदार्थ नाही, पण घरच्यांसाठी उत्तम, असा त्यांचा एकूण सूर. तेव्हा घरोघरी आजच्यासारखे ओव्हन नव्हते. जाड बिडाच्या भांड्यात कॉब्लर लावायचा आणि भांड्याखाली व झाकणावर निखारे ठेवायचे. गोव्यात बेबिंकाचे थर वरच्या निखाऱ्यांवर भाजतात, त्यातलीच ही युक्ती.

डब्यातलं फळ म्हणजे तडजोड?

ताजं ते चांगलं आणि डब्यातलं ते नाइलाजाचं, असं आपण गृहीत धरतो. पीचच्या बाबतीत हे तितकंसं खरं नाही. पीचच्या काही जातींमध्ये गर कोयीपासून सहज सुटतो, काहींमध्ये कोयीला घट्ट चिकटून राहतो. हातात घेऊन खायला पहिली जात बरी. डब्यांसाठी मात्र दुसरी वापरतात, कारण तिचा गर शिजूनही आकार सोडत नाही. ओव्हनमध्ये पाऊण तास राहायचं असेल तर हाच गुण कामाचा. शिवाय डब्यातलं फळ सोललेलं, चिरलेलं, आधीच शिजलेलं असतं आणि त्याची गोडी दर डब्याला बदलत नाही.

अमेरिकेत १३ एप्रिल हा 'पीच कॉब्लर डे' म्हणून साजरा होतो. गंमत म्हणजे जॉर्जिया राज्यातले पीच मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास यायला लागतात. मग एप्रिलमध्ये हा दिवस कसा? डबाबंद पीच खपावेत म्हणून १९५० च्या दशकात जॉर्जियातल्या पीच व्यावसायिकांनी तो सुरू केला, असं सांगितलं जातं. थोडक्यात, कॉब्लर आणि डबा ही जोडी आजच्या आळसातून जन्मलेली नाही.

डब्याचा स्वतःचा इतिहासही मजेशीर आहे. अन्न हवाबंद करून टिकवण्याच्या पद्धतीसाठी निकोला अपेर या फ्रेंच आचाऱ्याला १८१० मध्ये सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. तो काचेच्या बाटल्या वापरायचा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंड याने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. पण डबा उघडायचं खास हत्यार यायला पुढची चाळीसेक वर्षं गेली. तोवर छिन्नी आणि हातोडा.

साहित्य, आपल्या बाजारातलं

अमेरिकन पाककृतीत 'सेल्फ-रायझिंग फ्लार' लिहिलेलं असतं. आपल्याकडे हे सहज मिळत नाही आणि बरेच जण त्या जागी नुसता मैदा घालतात. मग कॉब्लर फुगतच नाही. उपाय सोपा आहे. एक कप मैद्यात (साधारण १२० ग्रॅम) दीड छोटा चमचा बेकिंग पावडर मिसळली की काम झालं. सोडा नव्हे, बेकिंग पावडरच. सोड्याला फुगण्यासाठी आंबट काहीतरी लागतं, पावडरमध्ये ते आधीच असतं.

बाकी एक कप दूध (२४० मिली), पाऊण कप साखर, १०० ग्रॅम बटर आणि पीचचा ८२० ते ८५० ग्रॅमचा एक डबा. मूळ कृतीत अर्धा कप, म्हणजे ११३ ग्रॅम बटर असतं. आपल्याकडच्या १०० ग्रॅमच्या पाकिटाने काही बिघडत नाही. हे बटर बहुधा खारं असतं, तेव्हा पिठात वेगळं मीठ नको. मूळ कृतीतली साखरही पूर्ण एक कप असते, पण फळ आधीच पाकात मुरलेलं असताना एवढी साखर म्हणजे अतिच. पाऊण कपही आठ जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास १९ ग्रॅम साखर येते, पाकातली वेगळी. अर्ध्या कपावर आणली तरी चालेल, फक्त कडा थोड्या कमी कुरकुरीत होतील, कारण तो कुरकुरीतपणा आणि रंग बराचसा साखरेचाच असतो.

यात अंडं नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. 'एगलेस' करायला वेगळी खटपट लागत नाही.

ओव्हनमध्ये नेमकं काय होतं?

ओव्हन १८० अंश सेल्सिअसला तापवायचा. साधारण नऊ इंची चौकोनी भांड्यात वितळलेलं बटर घालायचं. मैदा, बेकिंग पावडर, साखर आणि दूध एकत्र करून धिरड्याच्या पिठाइतकं पातळ पीठ करायचं आणि ते बटरवर अलगद ओतायचं. मग चमच्याने पीच सगळीकडे पसरायचे. वर दालचिनी किंवा जायफळ. आणि हात मागे.

बटर पिठापेक्षा हलकं. त्यामुळे पीठ खाली जातं आणि बटर कडेने वर येऊन साचतं. पीच पिठापेक्षा जड, ते हळूहळू बुडतात. तेवढ्यात उष्णतेने बेकिंग पावडरमधून कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. बुडबुड्यांनी भरलेलं पीठ हलकं होतं आणि फळांच्या फटींमधून वर चढतं. म्हणजे घालताना पीठ खाली आणि फळ वर होतं, बाहेर काढताना फळ खाली आणि केकसारखा थर वर. कडेला साचलेल्या बटरमध्ये पिठाची किनार अक्षरशः तळली जाते. कॉब्लरची कड कोण घेणार यावरून घरात वाद होतात ते यामुळेच.

ढवळलं की हे सगळं बिघडतं. बटर पिठात मिसळलं की कडेला तळायला काही उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे फळांचा पाक पिठात उतरतो. पीठ पातळ आणि जड होतं, बुडबुडे त्याला उचलू शकत नाहीत आणि मधला भाग गिच्च राहतो.

खरा घोळ पाकाचा

न ढवळताही मधला भाग कच्चा राहत असेल तर बहुतेक वेळा दोषी पाक असतो. डब्याच्या वजनात जवळपास निम्मा वाटा पाकाचा असतो. रीलमध्ये पूर्ण डबा ओततात, पण तिकडचं भांडं नऊ बाय तेरा इंचांचं, पसरट असतं. तेवढाच पाक आपल्या छोट्या ओटीजीत मावणाऱ्या भांड्यात गेला की पिठाला सुकायला वाव मिळत नाही. म्हणून फळं गाळून घ्यायची आणि अर्धा कप पाकच परत घालायचा. त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस पिळला तर डब्यातल्या फळाची सपक गोडी जरा जागी होते. उरलेला पाक आटवून वरून घ्यायला ठेवता येतो.

वेळ ४५ ते ५० मिनिटं. रंग बघून फसू नये. कडा आधी लाल होतात, मध्य मागे राहतो. मधोमध सुरी घालून बघायची. फळाचा रस लागला तर ठीक, कच्चं पीठ लागलं तर आणखी दहा मिनिटं. वरचा भाग फारच गडद होत असेल तर फॉइल सैलसर झाकावी.

आणखी एक धोका रीलमध्ये कुणी सांगत नाही. काचेच्या भांड्यात बटर घालून ते ओव्हनमध्येच वितळवायचं आणि त्या तापलेल्या काचेत फ्रिजमधल्या दुधाचं पीठ ओतायचं, ही पद्धत सर्रास दाखवतात. तापमानातल्या अशा एकदम झालेल्या फरकाने काच तडकू शकते. बटर कढईत वितळवून भांड्यात ओतावं आणि दूध आधीच बाहेर काढून ठेवावं.

पीच नसतील तर?

आपल्याकडे अननसाचा डबा जवळपास सगळीकडे मिळतो आणि कॉब्लरला तो छान चालतो. ताज्या अननसातल्या ब्रोमेलेन नावाच्या एन्झाइममुळे दूध कडवट होतं. डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ते निष्क्रिय झालेलं असतं. चकत्यांचे तुकडे करून नीट निथळून घ्यावेत. चेरीही चालतात, पण केकवर लावायच्या लालभडक, साखरेत मुरवलेल्या नव्हेत.

आंब्याचा मोह होणारच. डबाबंद हापूसचा रस परदेशातल्या मराठी घरांत आमरसाची हौस भागवतो, पण इथे तो उपयोगाचा नाही. त्याला बुडायला तुकडाच नसतो, तो पिठात मिसळतो आणि ढवळल्यासारखाच परिणाम होतो. आंब्याच्या कापांचा डबा मिळाला तर मात्र जरूर करून पाहावा.

डबा उघडण्याआधी आणि नंतर

डबा फुगलेला, गळका किंवा शिवणीजवळ चेपलेला असेल तर सरळ फेकून द्यावा, चव घेऊन बघू नये. फळं आंबट असल्याने बोट्युलिझमच्या जिवाणूंना ती सहसा मानवत नाहीत, पण फुगलेला डबा म्हणजे आत काहीतरी वाढलंय हे नक्की.

पीच, अननस अशा फिक्या रंगाच्या फळांच्या डब्यांना आतून बऱ्याचदा लाखेसारखा लेप नसतो, नुसता कथिलाचा मुलामा असतो. आत उरलेला थोडाफार प्राणवायू हे कथिल स्वतःवर घेतं आणि फळ काळवंडत नाही. डबा उघडल्यावर मात्र हवा मोकळी आत येते आणि आंबट रसात कथिल जास्त वेगाने उतरायला लागतं. त्यामुळे उरलेली फळं डब्यासकट फ्रिजमध्ये ठेवू नयेत, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावीत.

कॉब्लर ओव्हनमधून काढल्यावर लगेच वाढायचा नाही. वीसेक मिनिटं थांबलं की खालचा रस थोडा दाट होतो. गरम कॉब्लरवर व्हॅनिला आइस्क्रीम ही तिकडची रीत. उरलाच तर फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो. परत गरम करताना मायक्रोवेव्ह टाळावा, ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवला तर कडा पुन्हा कुरकुरीत होतात.