साडेपाच मिनिटांचा हिशेब



बेळगाव, खानापूर, चंदगड या बाजूच्या एखाद्या गावातून भल्या पहाटे जाण्याचा प्रसंग आला, तर अंधारातून धावत येणारी दोन-चार मुले हटकून दृष्टीस पडतात. त्यांतल्या एकाला थांबवून ‘कसे काय चालले आहे?’ असे विचारले, तर उत्तर आकड्यात मिळते: ‘पाच पन्नास.’ म्हणजे सोळाशे मीटर धावण्यास त्याला पाच मिनिटे पन्नास सेकंद लागतात. त्यांतले वीस सेकंद कमी कसे करावे, हीच त्याची रात्रंदिवसाची चिंता. मराठा लाइट इन्फंट्रीचे शिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. तेव्हा ही चिंता येथील कित्येक घरांना परिचयाची आहे. मुलगा भरती झाला की आईवडिलांस वाटते, आता घड्याळाचा जाच संपला. वस्तुतः तो तेथून पुढे सुरू होतो. प्राथमिक सैनिकी शिक्षणाच्या काळात रंगरुटाला पुन्हा पुन्हा धावावे लागते, आणि प्रत्येक वेळी उस्ताद हाती घड्याळ घेऊन उभा असतो. हे घड्याळ नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम आकडे पाहू. सेनेच्या भरतीतील धावण्याचे अंतर १.६ किलोमीटर, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या. २०२५ सालच्या अग्निवीर भरतीत यासाठी चार गट ठरविण्यात आले. ५ मिनिटे ३० सेकंदांपर्यंत येणाऱ्यास ६० गुण, ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत ४८, ६ मिनिटांपर्यंत ३६ आणि ६ मिनिटे १५ सेकंदांपर्यंत २४. पहिल्या व शेवटच्या गटाच्या मर्यादांत अंतर अवघ्या ४५ सेकंदांचे. गुणांत मात्र ३६ चा फरक. भरतीनंतर अंतरही वाढते आणि ओझेही. दीड मैलाची, म्हणजे २.४ किलोमीटरची धाव आणि पाठीवर साज व हाती रायफल घेऊन ५ किलोमीटरची धाव, ही दोन मापे भारतीय सेनेत दीर्घकाळ वापरात राहिली.

साडेपाच मिनिटांत चार फेऱ्या म्हणजे एका फेरीस साडेब्याऐंशी सेकंद. एवढ्या वेगाने पाच मिनिटे धावत राहणे हे मुख्यतः पायांच्या जोराचे काम नव्हे, ते छातीचे आणि रक्ताचे काम आहे. या धावेस लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे चार-पंचमांश शक्ती प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते. फुप्फुसांनी घेतलेला प्राणवायू हृदय रक्तावाटे स्नायूंकडे पाठविते आणि स्नायू तो वापरतात. प्रत्येक माणसाच्या बाबतीत या पुरवठ्यास एक कमाल मर्यादा असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२३ च्या सुमारास ही कल्पना प्रयोगाने मांडली. हवा गोळा करणारी पिशवी पाठीस बांधून ते स्वतः हिरवळीवर गोल धावले आणि वेग वाढवीत नेला तरी एका मर्यादेपुढे शरीर अधिक प्राणवायू घेऊ शकत नाही, असे त्यांना आढळले.

पिशवी बांधून हजारो शिपायांची परीक्षा घेणे अर्थातच शक्य नव्हते. अमेरिकन वायुसेनेतील डॉक्टर केनेथ कूपर यांनी त्यावर सोपा तोडगा काढला. १९६८ साली त्यांनी ११५ वायुसैनिकांची तपासणी प्रसिद्ध केली. बारा मिनिटांत माणूस किती अंतर धावतो एवढे मोजले, तरी त्याच्या प्राणवायूच्या मर्यादेचा अंदाज पुष्कळच अचूक बांधता येतो, असे तीत दिसून आले. पुढे वेळ ठरवून अंतर मोजण्याऐवजी अंतर ठरवून वेळ मोजणे अधिक सोयीचे ठरले. दीड मैलाची धाव अनेक सैन्यांत रूढ झाली ती यामुळेच. तेव्हा उस्तादाच्या हातचे घड्याळ ही एका अर्थी प्रयोगशाळेचीच स्वस्त आवृत्ती आहे.

मात्र या मापात धावणाऱ्याची बुद्धीही मिसळलेली असते. समजा, एका मुलाने भरतीच्या गर्दीत उत्साहाच्या भरात पहिली फेरी ७० सेकंदांत काढली. प्राणवायूचा पुरवठा एवढ्या लवकर पुरा पडत नाही. शरीर उसनवारी करते. मग दुसरी फेरी ८० सेकंदांची, तिसरी ८८ ची आणि चौथी ९५ ची होते. बेरीज ५ मिनिटे ३३ सेकंद. तीन सेकंदांनी बारा गुण गेले. त्याच दमाच्या दुसऱ्या मुलाने चारही फेऱ्या ८२-८२ सेकंदांच्या ठेवल्या, तर तो ५ मिनिटे २८ सेकंदांत येतो. दोघांची छाती सारखीच. एकाने उसने घेतले आणि दुसऱ्याने मिळकतीत भागविले, इतकाच भेद.

आता शिक्षणाच्या काळात हा वेळ कमी कसा होतो ते पाहू. नियमित धावू लागलेल्या माणसाच्या रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढते. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. पुढील काही आठवड्यांत स्नायूंतील सूक्ष्म केशवाहिन्या आणि शक्ती निर्माण करणारे पेशीतील घटक वाढतात. म्हणून अगदी अननुभवी रंगरुटाची प्रगती सर्वांत वेगाने होते, तर आधीच तयार असलेला मुलगा महिनाभर घाम गाळून चार-पाच सेकंदच कमी करतो. हा फायदाही सर्वांना सारखा मिळत नाही. अमेरिका व कॅनडा येथील संशोधकांनी बैठ्या सवयीच्या कुटुंबांना वीस आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम दिला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध केले. कित्येकांची प्राणवायू घेण्याची शक्ती पुष्कळ वाढली, काहींची जवळजवळ वाढलीच नाही, आणि या फरकाचा जवळपास अर्धा भाग वंशपरंपरेने आलेला दिसला. मागे राहिलेला प्रत्येक मुलगा आळशी असतो असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु शरीरात आणखी एक भाग आहे, त्याची गती वेगळी आहे, आणि घड्याळाला त्याचा पत्ताच नसतो. तो भाग म्हणजे हाड.

धावताना प्रत्येक पावलाबरोबर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका दाब पायावर येतो. साठ किलो वजनाच्या मुलाच्या पायावर हा भार सव्वाशे ते पावणेदोनशे किलोंच्या घरात जातो, आणि सोळाशे मीटरच्या एका धावेत अशी हजाराच्या आसपास पावले पडतात. या दाबाला हाड प्रतिसाद देते. ते अधिक मजबूत होते. पण मजबूत होण्याची त्याची रीत चमत्कारिक आहे. जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधावे, तसे ते प्रथम जुना भाग झिजवून काढून टाकते आणि मग तेथे नवा भरते. काढून टाकण्यास दोन ते चार आठवडे लागतात, भरण्यास सुमारे तीन महिने. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षाही नाजूक असते. आणि नेमका हाच काळ नव्या रंगरुटाच्या उत्साहाचा असतो! त्याचा दम वाढलेला असतो, वेळ कमी होत असते, उस्ताद शाबासकी देत असतो. म्हणून तो आणखी धावतो. मग एके दिवशी नडगीच्या हाडात किंवा पावलाच्या लांब हाडांत केसासारखी बारीक चीर पडते.

हे दुखणे आजचे नव्हे. ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ सालीच लांब कूच केलेल्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन करून ठेवले आहे. त्यामागे हाडाची चीर आहे, हे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर १८९७ साली दिसून आले. शत्रूची गोळी न लागता, नुसत्या चालण्याने आणि धावण्याने मोडलेले ते हाड होते.

मग धावणे कमी केले तर वेळ बिघडेल काय? हा प्रश्न अमेरिकेच्या मरीन दलाने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रत्यक्ष करून पाहिला. रंगरुटांच्या काही तुकड्यांचे शिक्षणकाळातील एकूण धावणे सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी करण्यात आले. हाडाला चीर पडण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आले. अखेरच्या तीन मैलांच्या चाचणीत मात्र या तुकड्यांना सरासरीने जेमतेम अर्धा मिनिट अधिक लागले. अर्ध्या मिनिटासाठी किती पाय मोडावेत, हा हिशेब त्या दलाला करावा लागला.

अमेरिकेच्या भूदलाच्या नियमांतही हीच समज आढळते. तेथे १९८० पासून २०२२ पर्यंत चाललेल्या चाचणीत दोन मैलांची धाव असे. सतरा ते एकवीस वर्षांच्या सैनिकाला उत्तीर्ण होण्यासाठी ६० गुण, म्हणजे १५ मिनिटे ५४ सेकंदांची वेळ आवश्यक होती. परंतु दहा आठवड्यांच्या प्राथमिक शिक्षणाच्या अखेरीस रंगरुटाकडून ५० गुणांचीच अपेक्षा असे. त्यासाठी १६ मिनिटे ३६ सेकंद चालत. उरलेले ४२ सेकंद त्याने पुढील शिक्षणात कमी करावयाचे. दहा आठवड्यांत सर्व काही होत नाही, हे नियम करणाऱ्यांनी मान्य केले होते.

लष्करी डॉक्टरांच्या पाहण्यांत आणखी एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे. प्रारंभीच्या चाचणीत जे सर्वांत मागे असतात, तेच पुढे सर्वांत अधिक जायबंदी होतात. कारण उघड आहे. सर्व तुकडी एकाच वेगाने पळविली, तर पुढच्यांना जो वेग सहज वाटतो, तो मागच्यांची सारी शक्ती शोषून घेतो. यावर उपाय म्हणून पहिल्या चाचणीच्या वेळेनुसार तुकडीचे गट पाडून प्रत्येक गटाला आपापल्या वेगाने धावविण्याची पद्धत निघाली. घड्याळाचा हा खरा उपयोग होय. नापास कोणाला करावे एवढेच त्याने सांगावयाचे नसून, कोणाला कोठून आरंभ करून द्यावा हेही त्यानेच सांगावयाचे असते.

छावणीत निदान उस्ताद असतो, डॉक्टर असतो. गावच्या डांबरी रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या मुलाजवळ घड्याळाखेरीज कोणीच नसते. भरतीची जाहिरात आली की तो धावू लागतो आणि सहा आठवड्यांत सहा महिन्यांचे काम उरकू पाहतो. नडगी दुखू लागली की तेल चोळून, फडके बांधून पुन्हा धावतो. घरी सांगत नाही, कारण सांगितले तर थांबवतील. असा मुलगा कधी भरतीच्या मैदानावरच बसतो, तर कधी भरती होऊन शिक्षणाच्या दुसऱ्या महिन्यात रुग्णालयात जातो आणि त्याचे सोबती त्याला मागे टाकून पुढे निघून जातात.

त्याच्या घरच्यांनी काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवल्या तर बरेच टळेल. तयारी भरतीच्या चार-पाच महिने आधी सुरू व्हावी. आठवड्यातून चार दिवस धावणे पुष्कळ झाले. उरलेल्या दिवसांत इतर व्यायाम आणि एक दिवस पुरती विश्रांती असावी. अंतर थोडे थोडे वाढवावे आणि अंतर वाढविले त्या आठवड्यात वेग वाढवू नये. डांबरापेक्षा मातीचे मैदान किंवा शेताकडची वाट बरी. वेळ रोज मोजू नये. पंधरवड्यातून एकदा मोजली तरी पुरे. आहारात दूध, नाचणीची भाकरी, कडधान्ये असावीत. हाडांना चुना लागतो. अमेरिकन नौदलातील पाच हजारांवर स्त्री-रंगरुटांवर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. तीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हाडाला चीर पडण्याचे प्रमाण वीस टक्क्यांनी कमी आढळले.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुखण्याविषयी. पोटऱ्या भरून येणे, मांड्या ठणकणे हे स्नायूंचे दुखणे. ते दोन-तीन दिवसांत ओसरते. परंतु हाडावर एकाच जागी बोट ठेवता कळ येत असेल, धावताना ती वाढत असेल आणि पुढे चालतानाही जाणवू लागली असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे. वेळीच थांबलेली चीर बहुधा काही आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येते. दडवून ठेवलेली चीर पुरते हाड मोडू शकते.

सेनेला साडेपाच मिनिटांत धावणारा मुलगा हवा असतो हे खरे. पण तो सतरा वर्षे असो की चार वर्षे, जितका काळ सेवेत राहील तितका काळ उभा राहणारा हवा असतो. दम आठवड्यांत येतो, हाड महिन्यांत तयार होते. तेव्हा उद्या पहाटे रस्त्यात भेटणाऱ्या मुलाला ‘किती आले?’ असे जरूर विचारावे. पण त्याबरोबर ‘नडगी दुखत नाही ना?’ असेही विचारावे. हा दुसरा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारलेला नसतो.